पहिला झुरका

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, व्यसनाबद्दल मुलांनीच मुलांना सांगायचं म्हणून सर बाहेर गेले. नववीच्या वर्गासमोर दहावीतली मी एकटी उरले. हातात समुपदेशक बाईंनी लिहून दिलेला कागद होता: ‘माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ व्हेप ओढायचा...’ मागच्या बाकावरची एक मुलगी खिदळली, “ताई, पाठांतर मस्त हं! मैत्रिणीचं नाव सांग की.” मी कागद चुरगाळला. “मैत्रीण कसली डोंबलाची! भाऊ माझा होता. बाथरूममध्ये त्यानं मला व्हेप ओढताना पकडलं. आईला सांगू नये म्हणून त्याला पहिला झुरका मीच दिला. बारा वर्षांचा होता. त्यानं खरंच नाही सांगितलं. फुप्फुसं निकामी झाली, डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तरी माझ्याकडे बघत गप्पच राहिला, गप्पच गेला. अजून बाथरूमच्या दाराबाहेर त्याचा खोकला ऐकू येतो.” खिदळणारी उठून दाराकडे धावली. “कुठं निघालीस?” “सातवीत, धाकट्या भावाकडे. माझा व्हेप त्याच्या दप्तरात असतो.”