सगळ्यांना दिसणारी विहीर

निकिताने टेप विहिरीत सोडला. टोकाचा मणी पाण्याला टेकला की वरची डबी वाजते. टेप उलगडत गेला, उलगडतच गेला आणि सैल पडला. डबी गप्प.

"वाजंना व्हय?" लंकाबाईने विचारलं.

"थांबा मावशी, कपारीत अडकला असेल." निकिताने टेप हलवून पाहिला. मणी कोरड्या दगडावर टकटकला. तो आवाज दोघींनीही ऐकला.

तिसगावच्या या शिवारात भर उन्हाळ्यात पाणी टिकवणाऱ्या दोनच विहिरी होत्या. एक ही लंकाबाईची, दुसरी ओढ्यापलीकडे रंगनाथची. निकिता पुण्याच्या संस्थेतून दर महिन्याला पाणी मोजायला यायची. लंकाबाईची संत्र्याची बाग या विहिरीवर होती आणि वस्तीवरचे हंडेही इथेच भरायचे. आज काठावर एकही हंडा नव्हता.

बांधापलीकडे बोरची गाडी धडधडत होती. दगडाची पांढरी भुकटी उडून संत्र्यांच्या वळलेल्या पानांवर बसत होती. बांधाला लागून हा कितवा बोर, हे लंकाबाईनेही मोजायचं सोडून दिलं होतं.

बोरचा एजंट काकासाहेब रुमाल झटकत बांध ओलांडून आला. "या या मॅडम! तुमचंच काम चाललंय."

"माझं?"

त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर निकिताचाच नकाशा होता. शिवारभर लाल ठिपके आणि त्यात दोन निळे. खाली तिनेच लिहिलेली ओळ होती: ही माहिती कोणीही वापरावी, कोणीही पुढे द्यावी.

"आदी पानाड्या पानी हुडकाया तळहातावर नारळ घिऊन शिवारभर फिरायचा," काकासाहेब म्हणाला. "दक्षिना घ्यायचा, वर मटनाचं जेवायचा, आन् बोर कोरडा. तुमचा नकाशा फुकाट, आन् नीट बांधावर आनून सोडतो. आता गाडीपुढं नारळ फोडतो तोबी तुमच्या नावानं!"

गाडीवरचे दोघे हसले. निकिताला हसता आलं नाही.

लोकांच्या पाण्याची माहिती कुलपात ठेवायची नाही, यासाठी ती संस्थेत भांडली होती. दुसऱ्या कुणालाही येऊन पुन्हा मोजता यावं, आपली चूक पकडता यावी, म्हणून प्रत्येक विहिरीच्या काठावर उभं राहून तिने अचूक ठिकाण नोंदवलं होतं. संमतीची सही घेताना लंकाबाईला विचारलंही होतं, सगळ्यांना दिसेल, चालेल ना? "दिसू दे की," लंकाबाई म्हणाली होती, "पानी काय झाकून ठिवायची चीज हाय?" पुढे कितीतरी दिवस ती दारात येईल त्याला आपला निळा ठिपका दाखवायची. माजी हीर पुन्यात दिसती, म्हणायची.

"मी आजच हा नकाशा बंद करते," निकिता म्हणाली.

"करा की. आमच्या ग्रुपवर हाय तो. करंजीपतोर समद्या गाडीवाल्यांकडं हाय."

"तुम्ही बोरला पाइप पुरेसा घालत नाही. वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खाली निथळून जातं. विहीर तर जातेच, पण बोरही टिकत नाही."

"म्हायती हाय मॅडम. पर जादा पाइपाचं गिऱ्हाईक कुटं हाय? आन् म्या न्हाई घेतला तर दुसरा घील." पाऊस लांबलाय हे सांगावं तसं तो सांगत होता.

तेवढ्यात गाडीचा आवाज बदलला. भुकटीचा चिखल झाला आणि भोकातून गढूळ पाणी उसळलं. गाडीवरच्यांनी आरोळी ठोकली. काकासाहेब पळाला. उसळी थोडा वेळ राहिली, मग कमी झाली आणि शेवटी भोकातून नुसती हवा फुसफुसू लागली. पुन्हा पांढरी भुकटी उडाली. माणसांनी नळ्या काढायला सुरुवात केली.

लंकाबाई विहिरीच्या काठावर टेकली. "आलीस तर ल्ही. लाल कर माजा."

"मावशी..."

"कर की. न्हाई ते न्हाई."

निकिताने मोबाईल काढला. ठिपका लाल झाला. लंकाबाईने मोबाईल हातात घेऊन लांब धरला आणि डोळे बारीक करून पाहिलं. "आता रंगनाथचाच ऱ्हायला व्हय?"

गाडी चालू झाली. पण ती सडकेकडे वळली नाही, ओढ्याकडे वळली. निकिता धावत बांधावर गेली. "काकासाहेब, रंगनाथकाकांच्या विहिरीजवळ नको. निदान तिथं तरी नको!"

काकासाहेबाने केबिनमधून मान बाहेर काढली. "त्यानंच बोलीवलंय मॅडम. लंकाबाईचं काय झालं ते बघतोय की तो. दुसऱ्यानं बांधावर घ्यायच्या आत आपनच घ्यावा, म्हनला."

गाडी ओढ्याच्या कोरड्या वाळूत उतरली.

निकिता परत आली तेव्हा लंकाबाई अजून मोबाईलच बघत होती. पडद्यावर भुकटी बसली होती. तिने ती पदराने हलकेच पुसली. ओढ्यापलीकडचा ठिपका आणखीच निळा दिसू लागला.