जुना संगणक वाजला

प्लोव्हदिव्हमधल्या त्या अकॉर्डियन दुरुस्तीच्या दुकानात सकाळपासून लगीनघाई होती. गिऱ्हाइकांची नावं सांभाळणारा जुनापुराणा संगणक आज भंगारात निघाला होता. राद्कोला तो ठेवायचा होता, पण वेनेताताईपुढे त्याचं काही चाललं नाही. वायर उपटून त्यानेच तो दाराशी नेऊन ठेवला.

वेनेताने नव्या संगणकात पहिलं नाव टाकलं आणि दाराशी जुना वाजला, "टीं!" गिऱ्हाईक सापडलं की तो असाच वाजायचा.

"अगं ताई, वायर तर माझ्या हातात आहे!" राद्को ओरडला.

तिच्या अंगावर काटा आला, पण हसूही आवरेना. तिने दुसरं नाव टाकलं. टीं!

"आता खोटं नाव टाक. बघू फसतो का!"

तिने मनातल्या मनात जगात कुणाचंच नसेल असं नाव रचलं, ओरमिल विलदूर.

टीं!

"फसला, फसला!" राद्कोने टाळ्या पिटल्या. "काय नाव टाकलंस गं?"

"अजून काहीच नाही टाकलं रे."

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारा आत आला. काखेतलं अकॉर्डियन सावरत त्याने टोपी काढली.

"मी विलदूर," तो म्हणाला. "बोलावलंत ना मला?"