कुलूपवाल्याची बायको लॅपटॉप घेते

कुलूपवाल्याने लॅपटॉप उचलला, उलटा केला आणि कानाला लावला.

"आत काय आहे?"

"प्रोसेसर, रॅम..." सेल्समन सांगायला लागला.

"ते नाही. पाठीला एवढे बारके स्क्रू कशाला? ज्याला काही लपवायचं असतं तोच बारका स्क्रू मारतो."

सेल्समन हसला. हसणाऱ्या माणसावर कुलूपवाल्याचा आधीच संशय. लोक ताक फुंकून पितात, हा पाणीसुद्धा गाळून, फुंकून, आधी शेजाऱ्याला पाजून मग पिणारा. जड लॅपटॉप दाखवला तर म्हणाला, आत वजनं भरलीत. हलका दाखवला तर म्हणाला, आत काहीच नाही. हाताने मात्र पक्का. तो नुसता खाकरला तरी तिजोऱ्यांना घाम फुटायचा. पलीकडच्या गल्लीत कुणी कडी लावली, तर ती पितळेची की लोखंडाची, हे हा इकडे जेवता जेवता सांगायचा.

बायको शेजारी उभी होती, पर्स पोटाशी धरून. लॅपटॉप तिला हवा होता.

"काकू, काम काय करणार यावर?" सेल्समनने विचारलं. "म्हणजे तसा सुचवतो."

"लिहिणार."

"काय लिहिणार?" हे कुलूपवाल्याने विचारलं.

"ते माझं मी बघेन."

तिने पुढचा लॅपटॉप उघडून बटणं दाबून पाहिली. बटणं मऊ होती, अक्षरं ठसठशीत. तिने पर्स काउंटरवर ठेवली.

"हा बंद केला की दुसऱ्या कुणाला उघडता येतो का?"

"पासवर्ड ठेवायचा ना, काकू. तो फक्त तुम्हाला माहीत."

"मलाही माहीत," कुलूपवाला म्हणाला. "धाकटीचं घरातलं नाव, आणि पुढे आमचा जुना फोन नंबर. हिचं सगळं त्याच्यावरच चालतं."

बायकोने पर्स उचलली. "हा नको."

"का? चांगला तर आहे," कुलूपवाला म्हणाला. मघाशी त्यालाच त्याची बिजागरी खोटी वाटली होती.

सेल्समनला वाटलं, बाईंना चोरांची भीती आहे. त्याने लॅपटॉप टेबलाला बांधायची तारेची साखळी आणली, कुलपासकट. तिचे गुण सांगून होईपर्यंत कुलूपवाल्याने ते कुलूप पेनाच्या टोपणाने उघडून त्याच्या हातात परत दिलं होतं. बायकोने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता कुलूपवाल्याचा संशय दुकानावरून उठला आणि बायकोवर येऊन बसला. त्याने आवाज खाली आणला.

"तुला ठेवायचंय काय त्याच्यात? आपल्या घरात कधी कुणी कुणापासून काही लपवलंय?"

"लपवायला बंद काय राहतं घरात?" तीही तितक्याच हळू बोलली. "कपाट तुम्ही उघडता. माझी शिवणाची पेटी उघडता. परवा बाथरूममध्ये घटकाभर रडत बसले होते, आतून कडी लावून. दाराच्या फटीतून पट्टी सरकवून तीही काढलीत."

"मला वाटलं, कडी अडकली."

"ठाऊक आहे मला. तुमच्या हातांना बंद काही बघवत नाही."

"तू रडत होतीस?"

"तेच लिहून बघायचंय."

सेल्समन इतका वेळ एकच काच पुसत होता. तो आत गेला आणि एक लहानसा, करड्या रंगाचा लॅपटॉप घेऊन आला.

"काकू, याला बोट लागतं."

बटणांच्या कडेला नखाएवढा चौकोन होता. बायकोने त्यावर बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मशीनने बोट ओळखीचं करून घेतलं. तिने झाकण मिटलं, उघडलं, बोट लावलं. पडदा उजळला. तिने तेच आणखी एकदा करून पाहिलं, उगाचच.

"आता दुसऱ्या कुणाच्या बोटाने उघडणार नाही," सेल्समन म्हणाला. "हवं तर साहेबांचंही बोट घालून ठेवू. घरोघरी तसंच करतात."

कुलूपवाल्याचा अंगठा तोवर चौकोनावर पोचलाही होता.

पुन्हा प्रयत्न करा, असं पडद्यावर आलं.

त्याने अंगठा पँटला पुसला. पुन्हा प्रयत्न करा. त्याने तर्जनी लावली, मग मधलं बोट, मग डावा हात. किल्ल्या घासता घासता त्याची बोटं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती. मशीनला त्यांच्यावर वाचण्याजोगं काही सापडेना.

"तुम्ही मुद्दाम काहीतरी केलंत," तो सेल्समनला म्हणाला.

"मी हातही लावला नाही, साहेब."

कुलूपवाल्याने दोन्ही पंजे दिव्याखाली धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले. बोटांवरच्या रेषांची कुणी कधी चोरी केली, ते कळत नव्हतं.

"हाच द्या," बायको म्हणाली आणि तिने झाकण मिटलं. सेल्समन खोकं आणायला गेला.

"मग मी काय करायचं?" कुलूपवाल्याने विचारलं.

"बंद दारापुढे लोक काय करतात?"

त्याने खूप विचार केला. अशी वेळच कधी आली नव्हती त्याच्यावर. मग त्याने इकडेतिकडे बघितलं, बोटं दुमडली आणि लॅपटॉपच्या झाकणावर हळूच टकटक केली.

"कोण आहे?" बायकोने विचारलं.