विंगेतून आलेलं वाक्य

"काका, आज तरी समोर जाऊन बसा हो. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवलीय तुमच्यासाठी."

पडदेवाल्याने दोर खुंटीला गुंडाळता गुंडाळता तिसऱ्यांदा सांगितलं. कुजबुजकाका जागचे हलले नाहीत. त्यांचं खरं नाव घेणारं नाट्यगृहात आता कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं विंगेत, रंगमंचाच्या कडेच्या काळोखात उभं राहून त्यांनी अडलेल्या नटांना पुढचं वाक्य हळूच पुरवलं होतं. त्या कुजबुजीवरूनच हे नाव चिकटलं.

"समोरून मला नाटक दिसतं रे, ऐकू येत नाही. माझी जागा इथंच."

"अहो, लेकीचं बक्षीस आहे. बापाने टाळ्या नकोत का वाजवायला?"

"इथून वाजवतो की. तू तेवढा पडदा नीट वर घे. मागच्या वर्षी अध्यक्षांची टोपी घेऊन गेला होता तुझा पडदा."

पडदेवाला हसला. "तिसऱ्या खेपेला पावला बरं का देव तुमच्या पोरीला."

पावला खरा. नव्या नाटककारांचं हे वार्षिक पारितोषिक पस्तिशीच्या आतच मिळतं, आणि पुढच्या महिन्यात लेक पस्तिशी ओलांडणार होती. याआधी दोनदा तिचं नाटक साभार परत आलं, तेव्हा दोन-दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. या खेपेला तिने काय लिहिलं, याची घरात कुणाला दाद लागू दिली नव्हती.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती आली, वाचायला उभी राहिली. माइकचा स्टँड विंगेला अगदी लागून होता, काकांपासून चार हातांवर. इथली रीत अशी, की विजेत्याने आपल्या नाटकाचा शेवटचा प्रवेश स्वतः वाचून दाखवायचा, आणि मुख्य परीक्षक बाईंनी पहिल्या रांगेत हस्तलिखित मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून ऐकायचं.

"हे नाटक आजवर कुणीच ऐकलेलं नाही," लेक माइकवर म्हणाली. "आमच्या बाबांनीसुद्धा नाही. ते विंगेत उभे असणार. बाबा, आज तुम्ही नुसतं ऐका हं."

लोक खळखळून हसले. काकाही हसले. मग ती वाचू लागली.

"पाणी चढलंय पोरा. आता पैलतीरावरून हाका मारून काय उपयोग?"

पुढचं वाक्य तिच्याआधी त्यांच्या ओठांवर आलं. त्याच्या पुढचंही. बापाची होडी पळवून नेणारा मुलगा, आणि रिकाम्या काठावर बसून राहिलेला म्हातारा नावाडी. तो म्हातारा काकांनी स्वतः लिहिला होता, लेकीच्या जन्माआधी, एका शंभर पानी वहीत. नाटक कंपनीच्या मालकांनी चार पानं चाळून वही परत दिली होती. "तुम्ही वाक्यं द्या, लिहायच्या भानगडीत पडू नका." तेव्हापासून वही ट्रंकेच्या तळाशी होती. अजून तिथंच असेल, असं ते धरून चालले होते.

त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ती वाचत होती, अगदी तिच्या आईसारखी. आणि काकांचा राग आला तसा विरून गेला. नेलं तर नेलं. आपले शब्द एवढ्या उजेडात आले, माणसांनी जीव लावून ऐकले, हे काय थोडं झालं? घरी गेल्यावर चकार शब्द काढायचा नाही. देवाशपथ काढायचा नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ती म्हणाली होती तसं नुसतं ऐकू लागले.

शेवटच्या पानावर मुलगा होडी घेऊन परत येतो. म्हाताऱ्यासमोर मान खाली घालून उभा राहतो. आता म्हातारा बोलणार, आणि लेक तिथंच थांबली.

थांबली ती थांबलीच. मागे कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी खुर्चीची कुरकुर ऐकू आली.

असली शांतता काकांनी आयुष्यभर एका क्षणावर टिकू दिली नव्हती. मनाने काही ठरवायच्या आत गळ्याने आपलं काम केलं.

"होडी नेलीस त्याचं काही नाही रे. मागितली असतीस, तर दिली नसती का?"

आवाज नेहमीसारखा मापात होता. नटापर्यंत पोचेल, पहिल्या रांगेला कळणार नाही, एवढाच. पण त्या मापात काकांनी माइक कधी धरला नव्हता. वाक्य वरच्या कर्ण्यांतून थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

परीक्षक बाईंचं बोट ओळीवर थबकलं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली आणि विंगेकडे पाहिलं.

"काका," त्या मायेने म्हणाल्या, "अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पुढची ओळ काय हो?"

"मला कुठलं माहीत, बाई. ओघात आलं तोंडात."

"मग पुढचीही येईल की ओघात."

"नाही आठवत," काका म्हणाले, आणि त्यांनी घाईघाईने तोंडावर हात ठेवला.

माइकवर लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पुढची ओळ तिच्या हातातल्या कागदावर होती, पण ती तिकडे बघत नव्हती. ती काळोखातल्या बाबांच्या हाताकडे बघत होती. हाताखाली त्यांचे ओठ हलत होते.