गोपाळरावांचं पारणं

गोपाळरावांना हा श्रावण दोन्ही अंगांनी परवडणारा होता. पोट कमी होणार होतं आणि पुण्य वाढणार होतं. पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस डॉक्टरांनी नुसतं गाळलेलं भाज्यांचं सूप सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि तारीख नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची मागून घेतली. कॉलनीत सांगितलं, श्रावणभर अन्नत्याग. दवाखान्यातले चार दिवस माहूरच्या दर्शनात जमा झाले. प्रसादाचे पेढे दवाखान्यासमोरच्या दुकानातले.

आज पारणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्याच हॉलमध्ये, सव्वीस पानं. पहाटेपासून पुरणपोळ्या पंचफुलानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकटीनं लाटल्या होत्या. महिन्याभरानं घरात फोडणीचा वास आला होता. गोपाळरावांनी तो बंदच करवला होता. वास आला की त्यांचा त्याग डळमळायचा.

मधोमध पाटावर गोपाळराव. चौदा किलो उतरलेले. सदरा खांद्यावरून घसरत होता आणि ते घसरू देत होते. ज्यांनी आजवर पाठीमागे 'ड्रम' म्हटलं, तेच ओळीनं पाया पडून जात होते.

"तेज पाहा चेहऱ्यावर," शेजारच्या प्रमोदिनीताई म्हणाल्या. अशक्तपणा आणि तेज यांतला फरक त्यांना कधीच कळला नव्हता.

पंचफुला वाढत होती. तिच्या बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत सरकत होत्या. तिच्यात कोणाला तेज दिसलं नाही. तिनं काही जाहीर केलेलं नव्हतं.

विश्वनाथपंत उठले. कॉलनीतल्या दत्तमंदिराचे अध्यक्ष. वयामुळे खुर्ची सोडणार होते आणि ती कोणाला देणार हे जेवणानंतर सांगणार होते. कोणाला, ते गोपाळरावांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. पंतांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला.

"पहिला घास माझ्या हातचा. आ करा."

गोपाळरावांनी आ केला नाही. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी सूप आणखी आठ दिवस वाढवलं होतं. घन काही आत गेलं तर टाके उसवतील, पोट पुन्हा उघडावं लागेल, असं बजावलंही होतं. पण आमंत्रणं तोवर गेली होती.

"पंचफुला, सूप आण वं."

तिनं सुपाचं फुलपात्र आणून पाटाजवळ ठेवलं.

"सूप पुरे आता!" पंत हसले. "व्रत अन्नानंच सुटतं. आज अन्नाला नाही म्हणता काय?"

यजमानानं घास घेतल्याशिवाय कोणाला जेवता येईना. साऱ्या पंगतीची नजर गोपाळरावांच्या तोंडावर होती, त्यातली निम्मी भक्तीची आणि निम्मी भुकेची.

"घ्या न भाऊ लवकर," मागून कोणीतरी म्हणालं. "पोळ्या थंड्या होऊन राहिल्या."

गोपाळराव घासापासून मागे सरकले. मग वाट सापडली.

"पंत, आधी हिले द्या. खरं व्रत त हिनंच केलं. मी काय, नुसता बसून होतो."

महिनाभरातलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य, आणि तेही भीतीनं निघालेलं.

"काय हा नम्रपणा!" प्रमोदिनीताईंनी डोळ्यांना पदर लावला.

पंतांचा हात वळला. पंचफुलानं घास घेतला, सावकाश चावला, गिळला. पंतांनी दुसरा तुकडा मोडला.

"आता तुम्ही."

गोपाळरावांनी बायकोकडे पाहिलं. माहूर तिनं सांभाळलं होतं, पेढे तिनं वाटले होते. एवढंही सांभाळून घेईल.

"त्याहिले नका देऊ," पंचफुला म्हणाली. "टाके तुटतीन. पोटाचं आपरेशन झालं त्याहिचं, पंधरा दिवस झाले. माहूर-गिहूर काही नाही."

पंतांनी घासाकडे पाहिलं, गोपाळरावांकडे पाहिलं आणि घास स्वतःच्या तोंडात टाकला. तुपातला घास वाया घालवण्याइतके ते विरक्त नव्हते. मग सगळेच जेवू लागले. जागेवर जाताना पंतांचा पाय लागून फुलपात्र कलंडलं, ते कोणी उचललं नाही.

"किती किलो गेले म्हणता?" प्रमोदिनीताईंनी हळूच विचारलं. "अन् डॉक्टरांचा नंबर आहे का?"

खुर्चीचा विषय कोणी काढला नाही. तूप मात्र तीनदा मागितलं.

गोपाळराव उठून स्वयंपाकघरात गेले. मिक्सरच्या भांड्यात दुधी, गाजर, लाल भोपळा वाटून ठेवलेला होता. गाळायचा राहिला होता. त्यांनी तो गाळणीत ओतला आणि चमच्यानं दाबू लागले. खाली अर्धी वाटी पाणी उतरलं. वर जाळीत ओलसर चोथा राहिला. त्यांनी त्याचा वास घेऊन पाहिला. कसलाच नव्हता.

गाळणी तशीच हातात धरून ते बाहेर आले. पाटावर, त्यांच्या पानावर, पंचफुला बसली होती.

"अवं," ते खाली वाकून पुटपुटले, "या चोथ्याचं तू रोज काय करून राहिली होती?"

पंचफुलानं तिसरी पोळी मोडली.

"खाऊन राहिली होती."