पोराचं इमान

"सांभाळून उतरवा रे! भंगार नाही, माझ्या पोराचं इमान हाये थे!" तेजराम ट्रॉलीवरच्या माणसांवर खेकसला.

दिघोरीत विमानाला इमानच म्हणतात. पंख, शेपूट कधीच विकले गेले होते. उरलं होतं पुढचं तोंड, दोन खुर्च्या आणि पायाखालची पेडलं. तेजरामनं धान ओसरीवर आणलं आणि इमान धानाच्या खोलीत बसवलं.

याच विमानात मनिष वैमानिकाचं शिक्षण घेत होता. एकटा उतरवताना विमान धावपट्टी सोडून डाव्या बाजूच्या खड्ड्यात गेलं. पोरगा वाचला, पण उजवं पेडल दाबायचं होतं, यानं दाबलंच नाही, असा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं. मनिषनं ते मुकाट कबूल केलं. पानठेल्यावर लोक हसले, "आमच्या बैलालेही डावं-उजवं समजते."

तेजरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही.

लाखांदूरच्या जागेश्वरनं कॉम्प्युटर जोडला. काचेच्या जागी टीव्ही आला, पेडलांना तारा आल्या, पडद्यावर तीच धावपट्टी आली. धक्के खरे वाटावेत म्हणून तेजरामनं खालून ट्रॅक्टरच्या सीटच्या स्प्रिंगा लावल्या.

"बाबा, राहू द्या हे," मनिष म्हणाला.

"काहून? मूग गिळून बसला तवा मायं नाक कापलं गेलं. आता साऱ्या गावासमोर उतरवून दाखव."

पानठेल्यावरची सगळी मंडळी खोलीत दाटली. मनिषच्या आईनं, सुलोचनाबाईनं विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यातला पितळी नंदी आणला. मनिष लहान असताना तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या पोळ्यात ओढायला भंडाऱ्याहून घेतलेला, चाकांचा. शिकायला जाताना तिनंच तो त्याच्याजवळ दिला होता. दवाखान्यातून पोरगा परतला तेव्हा नंदी त्याच्या खिशात होता, फक्त एक शिंग वाकलेलं. यानंच माझ्या लेकराले वाचवलं, असं ती येईल त्याला सांगायची.

"आई, नंदी नको."

"गप रे. देव बसल्याबिगर आपल्यात गाडी हालते का? अन् पायापाशी नोको ठेवू, वर ठेव." तिनं स्वतःच तो खुर्चीसमोरच्या, वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या वरच्या फळीवर ठेवला आणि दाराशी जाऊन डोळे मिटून हात जोडले.

मनिष बसला. विमान पडद्यावर सरळ रेषेत खाली येऊ लागलं. हात इतका स्थिर की हसणारेही पुढं सरकून बघू लागले.

"पाहा! पाहा आता!" तेजरामनं रागानं पत्र्यावर दणादण मुठी आपटल्या. स्प्रिंगांवर सगळं डोलू लागलं.

चाकं टेकली. विमान डावीकडे ओढू लागलं.

"उजवा! उजवा पाय दाब!" तेजराम ओरडला.

मनिषच्या मानेच्या शिरा ताठल्या. विमान गेलं ते थेट खड्ड्यात.

खोलीत हशा पिकला. तेजरामनं पोराचं मनगट धरलं. "दाबला काहून नाहीस, नालायका?"

"मायीच चूक, बाबा. तवाही मायीच होती," मनिष शांतपणे म्हणाला. मग मनगट सोडवून घेऊन, खाली न बघताच, त्यानं उजव्या पेडलाच्या मागं हात घातला, तिथं अडकलेला नंदी ओढून काढला आणि आईनं डोळे उघडायच्या आत खिशात टाकला.