लोकल कँडिडेट

“कोडिंग उत्तम, इंग्रजी उत्तम, वर जर्मनही येतं. पण गावातली पोरं आम्ही घेत नाही, पुढे दादागिरी करतात,” असं तोंडावर सांगून हिंजवडीतल्या कंपनीच्या एचआर मॅनेजरने गावच्याच तनुजाला परत पाठवलं. ती त्याच रागात जर्मनीला गेली.

काही वर्षांनी त्या कंपनीच्या जर्मन क्लायंटने काम तपासायला नेमकं तिलाच पाठवलं. तोच एचआर मॅनेजर बुके घेऊन पुढे आला. त्याने तिला ओळखलंही नाही.

“मॅडम, ग्लोबल स्किल्स काय असतात ते आमच्या इंजिनिअर्सना जरा सांगा. आणि हो, बाहेर पडलात तर या गाववाल्यांपासून जपून राहा.”

तनुजाने बुके टेबलावर आपटला.



“हे टेबल जिथं हाय ना, तिथं आमचा गोठा व्हता. जपून तुमी ऱ्हावा.”